बंद केलेला दिवा मिणमिणतो तेव्हा: जुन्या घरातलं दिव्यांचं वायरिंग

जुन्या घरात पिवळा बल्ब काढून त्या जागी एलईडी लावला की पुष्कळदा एक विचित्र प्रकार दिसतो. रात्री बटण बंद केलं तरी दिवा पुरता विझत नाही. मंद मिणमिणत राहतो, नाहीतर दर चार-दोन सेकंदांनी लुकलुकतो. घरातले म्हणतात, दिवाच खराब निघाला. दुकानदार बिचारा बदलून देतो. नवा दिवाही तेच करतो.

दिव्यात बहुतेक वेळा काहीच बिघाड नसतो. ६० वॉटच्या जुन्या बल्बला पेटायला पाव अँपिअर करंट लागायचा. वायरीतून इकडेतिकडे झिरपणाऱ्या चिमूटभर करंटने त्याची तार कोमटसुद्धा व्हायची नाही. एलईडीच्या आतल्या सर्किटला मात्र तेवढा झिरपाही पुरतो. तो थोडा थोडा साठवतं, एकदा लुकलुकतं, पुन्हा साठवायला लागतं. झिरपा बटणातल्या लाल इंडिकेटरमधून येत असेल तर काळजी नाही. लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या दोन वायरींमुळेही थोडा येतो, त्याचंही भय नाही. पण जुन्या घरात आणखी दोन कारणं संभवतात: बटण चुकीच्या वायरीवर बसवलेलं असतं, किंवा वायरीचं आवरण ओल धरून गळायला लागलेलं असतं. ही दोन्ही पिवळ्या बल्बच्या काळातही घरात होतीच, फक्त कुणाला दिसत नव्हती.

एरवी जुन्या वायरिंगचा विषय निघतो तो 'जुन्या वाड्याला आग, शॉर्टसर्किटचा अंदाज' अशी बातमी आली की. दोन दिवस सगळे आपापल्या बोर्डाकडे संशयाने बघतात आणि विसरून जातात. पुन्हा बघितलं जातं तेही मोठ्या उपकरणांकडे. गीझर घेतला तेव्हा त्याची वेगळी जाड लाइन टाकली, एसी आला तेव्हा त्याची टाकली. दिव्यांची आणि पंख्यांची वायर मात्र घरात वीज आली त्या दिवसापासूनची. घरातली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत जास्त सांधे असलेली आणि बहुधा अर्थिंग नसलेली वायर तीच असते. "दिव्यांचं काय, किती भार असतो त्यांचा!" म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

तीन वायरी आणि एक बटण

मीटरकडून घरात दोन वायरी येतात. फेज म्हणजे जिवंत वायर, जिला हात लावला की शॉक बसतो. न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी वायर. आपल्याकडे या दोन्हींमध्ये २३० व्होल्टचा दाब असतो. तिसरी, अर्थची वायर, घराजवळ जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत किंवा पट्टीपर्यंत जाते. एरवी तिच्यातून काहीच वाहत नाही. फिटिंगच्या पत्र्यात चुकून फेज उतरला तर त्याला जमिनीकडे जायला सोपी वाट मिळावी, एवढंच तिचं काम.

दिव्याची जोडणी साधी असते. न्यूट्रल थेट होल्डरला जातो. फेज आधी बोर्डावरच्या बटणात येतो आणि तिथून होल्डरला जातो. बटण बंद केलं की फेज बोर्डावरच थांबतो, वर होल्डर मेलेला राहतो. आता हेच उलटं करा. फेज थेट होल्डरला आणि बटण न्यूट्रलवर. दिवा अगदी पहिल्यासारखाच लागतो आणि विझतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. पण बटण बंद असतानाही होल्डर जिवंत असतो. स्टुलावर चढून, ओल्या हाताने, "बटण बंद आहे ना?" असं खाली उभ्या असलेल्या मुलाला विचारून बल्ब बदलणाऱ्या माणसाला खाली पाडतो तो हाच प्रकार.

जुन्या घरांत हे होण्याचं कारण सोपं आहे. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, काळ्या किंवा मातकट. आज फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी आणि अर्थला हिरवी अशी शिस्त आहे. तेव्हा वायरमनच्या स्मरणशक्तीवर भिस्त होती, आणि त्याच्यानंतर येऊन 'एक पॉइंट वाढवून' गेलेल्या दहा जणांच्या अंदाजावर.

जिन्याचा दिवा हा याहून वस्ताद. खाली एक आणि वर एक, दोन बटणांनी चालणारी ही टू-वे जोडणी काही जुन्या घरांत वायर वाचवायला अशी केलेली सापडते की दोन्ही बटणांत फेजही येतो आणि न्यूट्रलही. दोन्हीकडे न्यूट्रल आला की दिवा विझतो, तसाच दोन्हीकडे फेज आला तरी विझतो. म्हणजे दिवा विझलेला, आणि होल्डरच्या दोन्ही टोकांना फेज. ही जोडणी दुरुस्त करत बसू नये, पूर्ण काढून नव्याने करावी.

तुमच्या भिंतीवर कुठल्या काळातली वायर आहे?

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. भिंतीवरून सागवानी चौकोनी पट्टी गेलेली असेल, तिच्यावर झाकणासारखी दुसरी पट्टी स्क्रूने बसवलेली असेल, तर ते लाकडी केसिंग-कॅपिंग. आतल्या दोन खाचांमधून रबराचं आवरण आणि त्यावर सुती विणीचं वेष्टण असलेल्या वायरी जातात. वयाने ही बहुधा सगळ्यांत थोरली.

लाकडाची पातळ पट्टी असेल आणि तिच्यावर छोट्या पितळी क्लिपांनी काळी वायर उघडीच आवळलेली असेल, तर ते बॅटन वायरिंग. शाळा, सरकारी क्वार्टर, चाळी, कोकणातली कौलारू घरं असं सगळीकडे हेच होतं. या काळ्या वायरीचंही आवरण रबरी असू शकतं. पुढे पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण आलं आणि रबर मागे पडलं.

तिसरा प्रकार दिसायला आधुनिक: भिंतीत पाइप आणि पाइपात पीव्हीसी वायर, पण आतली तार ॲल्युमिनियमची. तांबं बाहेरून आणावं लागे आणि महाग पडे, म्हणून एका मोठ्या काळात घराघरांत ॲल्युमिनियम गेलं. वायर सोलल्यावर तार पांढरट रुपेरी दिसली आणि नखाने सहज वाकली तर ती ॲल्युमिनियमची असण्याचीच शक्यता जास्त. मात्र रबरी आवरणाच्या जुन्या तांब्याच्या तारेवर कथलाचा हात दिलेला असतो, तीही रुपेरी दिसते. सुरीने खरवडल्यावर खाली तांबूस दिसलं तर ते तांबं. हा उद्योग अर्थात मेन बंद करून आणि वायरमनने करायचा.

म्हातारे वायरमन अजून 'एक-अठरा', 'तीन-बावीस', 'तीन-वीस' असं बोलतात. पहिला आकडा तारेचे पदर किती ते सांगतो आणि दुसरा पदराची जाडी, गेजमध्ये. गेज वाढला की तार बारीक. एक-अठरा म्हणजे आजच्या हिशोबात सव्वा चौरस मिलिमीटरच्या जरा आत, आणि तीन-वीस म्हणजे सुमारे दोन. आज दिव्यांना साधारण दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरतात. हे आकडे लक्षात घेतले तर एक गोष्ट उघड होते. जुनी तांब्याची वायर दिव्यांसाठी फार बारीक होती असं नाही. तिचा दोष जाडीत नाही, वयात आहे.

"एलईडीमुळे भार उलट कमी झालाय. मग हात कशाला लावायचा?"

हा प्रश्न रास्त आहे. दहा पॉइंटांना ६०-६० वॉटचे बल्ब होते तिथे ९-९ वॉटचे एलईडी आले. ६०० वॉटचं काम ९० वॉटवर आलं. तार तापायचं कारणच उरलं नाही असं वाटणं साहजिक आहे.

पण तारेचं तांबं म्हातारं होत नाही, तिच्यावरचं आवरण होतं. रबर वाळतं, तडकतं, आणि शेवटी हात लावला की भुकटी होऊन पडतं. सगळ्यांत वाईट अवस्था होल्डरजवळ आणि सीलिंग रोजमध्ये, म्हणजे दिव्याची वायर जिथून खाली लोंबते त्या छतावरच्या गोल डबीत, कारण तिथे पिवळ्या बल्बने चाळीस-पन्नास वर्षं खालून शेक दिलेला असतो. म्हणूनच जुना होल्डर बदलायला घेतला की वायरमन वैतागतो: वायर सोलायला जावं तर आवरण चार बोटं मागेपर्यंत गळून येतं. इतके दिवस ती वायर कुणी हलवली नाही म्हणून ठीक होती. नवं फिटिंग लावायला ती वाकवली आणि उघडी पडली. जुन्या वायरीला नवं झुंबर किंवा नवा पंखा जोडणं हे काम त्यामुळे दिसतं तितकं निरुपद्रवी नसतं.

दुसरी गोष्ट सांध्यांची, आणि आगीच्या बातम्यांचा मोठा भाग इथे आहे असं माझं मत आहे. शॉर्टसर्किट म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना सरळ भिडणं. त्यात करंट एकदम इतका वाढतो की धड फ्यूज असेल तर तो क्षणात उडतो. कपटी असतो तो ढिला सांधा. समजा एका सांध्यात अर्धा ओहम अडथळा तयार झाला आणि त्यातून ५ अँपिअर करंट जातोय. करंटचा वर्ग गुणिले अडथळा, म्हणजे साडेबारा वॉट उष्णता, आणि तीही वाटाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीची छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते, तिच्या निम्मी. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल, कारण ५ अँपिअर म्हणजे काही जास्त करंट नव्हे. इकडे सागवानी पट्टीच्या आड, वाळक्या रबराच्या आणि साठ वर्षांच्या धुळीच्या सोबतीने तो सांधा तापत राहतो. ॲल्युमिनियमचे सांधे जास्त ढिले पडतात. स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू सरकतो, त्याच्यावर हवेने थर चढतो आणि थर वीज नीट वाहू देत नाही. त्याला तांब्याची वायर नुसती पीळ मारून जोडलेली असेल तर ओलीत दोघांचं आणखीच बिनसतं.

आता कुणी म्हणेल, दिव्यांच्या लाइनवर ५ अँपिअर येणार कुठून? बोर्डावरच्या प्लगमधून. आयएस ७३२ या भारतीय मानकात दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि ८०० वॉट अशी मर्यादा आहे. म्हणजे जेमतेम साडेतीन अँपिअर. आणि त्याच बोर्डावर बटणांशेजारी जो छोटा प्लग असतो, त्यात आपण १००० वॉटची इस्त्री लावतो. सव्वाचार अँपिअर. पाहुणे आले की १५०० वॉटची किटली. साडेसहा. एलईडीने वाचवलेला सगळा भार एका इस्त्रीने भरून निघतो.

फ्यूज, एमसीबी, आरसीसीबी: कोण कुणाला वाचवतं

या तिघांबद्दल इतका गोंधळ आहे की 'एमसीबी बसवलाय, आता शॉक लागणार नाही' असं शिकलेली माणसंही म्हणतात.

फ्यूज आणि एमसीबी वायरीला वाचवतात, माणसाला नव्हे. करंट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की फ्यूजची तार वितळते, एमसीबीचा खटका पडतो. दिव्यांच्या लाइनला साधारण ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी असतो. माणसाच्या छातीतून मात्र ३० मिलिअँपिअरच्या पुढे करंट गेला की जिवावर बेतू शकतं. ६ अँपिअर त्याच्या दोनशेपट आहे. तुम्हाला चिकटलेला करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो.

फ्यूजची आणखी एक व्यथा म्हणजे आपण स्वतः. पांढऱ्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये घालायची तार विशिष्ट जाडीची असते. ती वारंवार जाते म्हणून कुणीतरी कधीतरी वायरीचे चार पदर पिळून घालतं आणि फ्यूज 'पक्का' करतं. मग पुढची कित्येक वर्षं तो जात नाही, कारण आता त्याच्याआधी भिंतीतली वायर जाईल. काही जुन्या बोर्डांवर फेजलाही फ्यूज आणि न्यूट्रललाही, अशी जोडी दिसते. त्यातला न्यूट्रलचा उडाला तर घरात अंधार होतो, सगळं बंद पडल्यासारखं वाटतं, आणि प्रत्येक होल्डर, प्रत्येक प्लग जिवंतच असतो.

माणसाला वाचवते ती आरसीसीबी. वायरमन तिला अजून जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. लग्नघरात कोठीवर एखादी आत्या बसवलेली असते, पंगतीला किती वाट्या गेल्या आणि किती परत आल्या हे मोजायला. एक वाटी कमी भरली की ती पुढचं वाढप थांबवते. वाटी कुणाच्या पिशवीत गेली ते नंतर बघू. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट असाच सतत मोजते. ३० मिलिअँपिअरची तूट आली की, बहुतेक वेळा त्याच्या थोडं आधीच, सेकंदाच्या एका अंशात घराची वीज तोडते. किती करंट गेला याच्याशी तिला देणंघेणं नाही, त्यामुळे तिच्यासोबत एमसीबी लागतातच.

"मग जुन्या वायरिंगला फक्त आरसीसीबी लावली तर?"

स्वस्त आणि झटपट उपाय म्हणून हे पुष्कळजण करतात. नसण्यापेक्षा बरं, यात शंका नाही. पण सहसा दोन गोष्टी घडतात.

पहिली लगेच: जुन्या घरात न्यूट्रल उसनवारीवर असतात. माजघरातल्या दिव्याला फेज एका लाइनचा आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्या लाइनचा. दोन लाइनींवर वेगवेगळ्या आरसीसीबी असल्या, किंवा एकीवर असून दुसरीवर नसली, की मोजदाद कधीच जुळत नाही. दिवा लावला की वीज जाते.

दुसरी पावसाळ्यात. वायरीच्या आवरणाचा अडथळा मेगओममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या हिशोबात मोजतात. अडथळा १ मेगओम असेल तर २३० व्होल्टला त्यातून पाव मिलिअँपिअरसुद्धा झिरपत नाही. भिंत ओली होऊन तोच अडथळा १० हजार ओहमवर आला की झिरपा २३ मिलिअँपिअर होतो आणि आरसीसीबी पडायला टेकते. जुलैत रोज रात्री वीज जायला लागते. मग घरातलं एखादं उत्साही डोकं वायरमनला सांगून ती बायपास करून टाकतं. वास्तविक ती बिचारी खरं सांगत असते.

दिव्याला अर्थ कशाला?

प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये प्लॅस्टिकचा बल्ब असेल तर तिथे अर्थला काम नाही, हे खरं. पण आज छताला काय काय लागतं ते बघा: पत्र्याच्या चौकटीचे पॅनेल लाइट, पितळी झुंबर, बाथरूममधला आरशावरचा धातूचा दिवा, आणि मुख्य म्हणजे पंखा. पंख्याचं अंग धातूचं, त्याची दांडी धातूची, आणि जुन्या घरात तो लोखंडी तुळईला किंवा कडीला टांगलेला. जुनं दिव्यांचं वायरिंग दोन वायरींचं आहे, म्हणून यातल्या कशालाच अर्थ मिळत नाही. फिटिंगवरच्या हिरव्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून ती आत कोंबलेली असते.

अर्थ नाही म्हणून दोन जुगाड केले जातात आणि दोन्ही घातक आहेत. एक म्हणजे अर्थची पिन न्यूट्रलला जोडणं. मागे कुठे न्यूट्रल सुटला तर उपकरणाचं सगळं अंग २३० व्होल्टवर येतं. दुसरा, नळाच्या पाइपाला वायर गुंडाळणं. पाइप लोखंडी होते तेव्हाही ते चूकच होतं. आता मध्येच प्लॅस्टिकचा तुकडा बसलेला असतो, त्यामुळे करंट जमिनीत जाण्याऐवजी शेजाऱ्यांच्या नळाला येतो.

घराला अर्थिंगचा खड्डा असला तरी तो जिवंत आहे का ते मोजून घ्यायला हवं. उन्हाळ्यात कोरडी पडलेली जांभ्याची किंवा मुरमाड जमीन वीज नीट शोषत नाही; गंजलेली नळी तर असून नसल्यासारखी. आरसीसीबी अर्थशिवायही काम करते, पण तेव्हा तूट निर्माण होते ती माणसाने हात लावल्यावर. अर्थ असेल तर फेज पत्र्यात उतरला त्याच क्षणी वीज जाते. पहिल्या प्रकारात झटका खाऊन वाचायचं, दुसऱ्यात झटकाच नाही.

भिंती न फोडता होतं का?

होतं. वाड्यांच्या बाबतीत तर भिंती फोडूच नयेत. लाकडी सांगाडा आणि मधे माती-विटांचं भरण अशा भिंतीत कटरने झिरी मारली की माती भसाभस ढासळते, आणि कटर कुठल्या खांबाला लागेल सांगता येत नाही. माळवदाचं किंवा तक्तपोशीचं छत असेल तर वरून पाइप नेणं आणखी अवघड. तिथे उघडं वायरिंगच योग्य: पीव्हीसीची केसिंग पट्टी, तुळयांच्या कडेने आणि चौकटींच्या कोपऱ्यातून काढलेली. थोडा विचार करून वाट आखली तर ती जुन्या सागवानी पट्टीपेक्षा कमी डोळ्यांत येते. काहीजण जुनी लाकडी पट्टी जपून तिच्यातच नवी वायर घालायचा हट्ट धरतात. तिच्या खाचा दोन वायरींपुरत्या असतात, अर्थला जागा नसते, आणि लाकूड शेवटी जळणारं. शोभेला ठेवायची तर रिकामी ठेवा.

कौलारू घरात माळ्यावरून वायर नेणं सोपं पडतं, पण तिथे उंदीर असतात. वायर मोकळी न टाकता सलग पाइपातून न्यावी आणि पाइपाची टोकं डब्यात बंद करावीत. विटा-सिमेंटच्या भिंतींच्या घरात झिरी मारून पाइप गाडता येतात. तेव्हा झिरी उभी किंवा आडवी मारायची, तिरकी नाही. पुढे खिळा ठोकणाऱ्याला वायर कुठून गेली असेल याचा अंदाज यावा म्हणून.

कामाचा क्रम मी असा सुचवेन. आधी कागदावर प्रत्येक खोलीतले दिवे, पंखे, प्लग मांडायचे, आणि पुढच्या काही वर्षांत काय वाढेल तेही. मग मीटरजवळचा जुना लोखंडी मेन स्विच आणि किटकॅट काढून त्या जागी डीबी, म्हणजे एमसीबी-आरसीसीबीचा डबा. दिव्यांची निदान दोन वेगळी सर्किटं, प्रत्येकाचा न्यूट्रल स्वतःचा, एकाचा खटका पडला तर सगळं घर अंधारात जाऊ नये अशी वाटणी. शक्य असेल तर त्यांच्या आरसीसीबीही वेगळ्या. इस्त्री-किटलीसाठी अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर वेगळे मोठे प्लग. आणि प्रत्येक बोर्डात न्यूट्रल व अर्थ दोन्ही आणून ठेवायचे, आज गरज नसली तरी. मोबाइलवरून चालणाऱ्या बऱ्याच स्मार्ट बटणांना बोर्डात न्यूट्रल लागतो, आणि तो नसल्याने लोकांनी पुन्हा भिंती उकरल्या आहेत.

वायर आयएस ६९४ हा क्रमांक आणि आयएसआय शिक्का असलेलीच घ्यावी. एफआर म्हणजे आग पुढे पसरू न देणारी. एफआरएलएस असेल तर जळताना धूरही कमी होतो. ९० मीटरचं बंद कॉइल घ्यायचं, सुटी वायर नाही.

जुनी वायर निघण्यासारखी असेल तर पूर्ण काढायची. निघत नसेल तर दोन्ही टोकांना तोडून, बंद करून, तिथे तशी चिठ्ठी लावायची. 'राहू दे तिथेच, काही होत नाही' म्हणून सोडलेल्या वायरीत पुढे कुणीतरी न कळून फेज सोडतो.

"एकदम सगळं परवडत नाही"

खर्चाचा मोठा वाटा वायरीचा नसतो, मजुरीचा आणि भिंत पूर्ववत करण्याचा असतो. त्यामुळे रंगकामाच्या आधी हे काम काढणं शहाणपणाचं. टप्प्याने करायचं तर खोलीमागून खोली करण्यापेक्षा मुळाकडून करावं: पहिल्या टप्प्यात डीबी आणि अर्थिंग, दुसऱ्यात स्वयंपाकघर, बाथरूम आणि जिथे भिंतींना ओल येते त्या खोल्या, बाकीच्या तिसऱ्यात. नवी वायर जुन्या वायरीला मधेच पीळ मारून जोडायची मात्र नाही. प्रत्येक नवं सर्किट थेट डीबीतून निघालं पाहिजे.

भाडेकरू किंवा पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. साधारणपणे मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मग ती महावितरण असो, बेस्ट असो वा आणखी कुणी. मीटरपुढचं वायरिंग ग्राहकाच्या बाजूचं. पण चाळीत मीटर खाली जिन्याजवळ आणि खोली तिसऱ्या मजल्यावर असते. मधली वायर सामाईक बोळातून, दहा जणांच्या वायरींच्या गुंत्यातून जाते. आपली खोली चकाचक करून हा मधला तुकडा जुना ठेवला तर निम्मं काम राहिलं. इथे मालक आणि शेजारी यांना एकत्र बसवण्यावाचून इलाज नाही, आणि ते वायरिंगपेक्षा अवघड आहे हे मान्य.

कुणाकडून करायचं आणि शेवटी काय मागायचं

नवं वायरिंग किंवा वायरिंगमधला बदल राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचा, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम सांगतात. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामं यातून वगळलेली आहेत. 'आमचा नेहमीचा माणूस' हुशार असेलही, पण त्याला एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे मेगर आहे का? मेगर म्हणजे वायरीच्या आवरणावर ५०० व्होल्टचा दाब टाकून त्याचा अडथळा मोजणारं यंत्र. नुसत्या टेस्टरने वायरिंग तपासणारा माणूस दिवे लावून दाखवेल, पण आवरणाची अवस्था सांगू शकणार नाही. वायरिंग बदलायचं की नाही हे ठरण्याआधीही मेगरची चाचणी करून घेता येते. पूर्ण घराचं मोजमाप १ मेगओमच्या खाली आलं तर निर्णय झालाच. चाचणीआधी एलईडी दिवे, टीव्ही, राउटर सगळं काढून ठेवायचं, नाहीतर ५०० व्होल्ट त्यांच्या अंगावर जातात.

शेवटचा हप्ता देण्याआधी समोर उभं राहून चार चाचण्या करून घ्या: प्रत्येक सर्किटचा मेगर, प्रत्येक बटण फेजवरच आहे ना, प्रत्येक प्लगची आणि फिटिंगची अर्थ डीबीपर्यंत सलग आहे ना, आणि आरसीसीबी. याचे आकडे लिहिलेला, ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल मागायचा. झिऱ्या बुजवण्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवायचे. डीबीच्या झाकणाच्या आत कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून चिकटवायचं, घरातल्या आजींनाही चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका पडायला हवा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दाबून बघा, आणि ज्या दिवशी पडणार नाही त्या दिवशी ती आरसीसीबी बदलून घ्या.